जन्मजात आहे, तर ही गाठ इतकी वर्षं होती कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 31. पहिलं बाळंतपण होऊन तीन आठवडे झालेत, मुलगी आहे, अंगावर पिते. तिसऱ्या दिवशी पान्हा फुटला आणि त्याच रात्री दोन्ही काखांत फुगवटा आला. उजवीकडे तर लिंबाएवढा, आणि हात अंगाला टेकवता येईना इतका ठणका. आता ठणका उतरलाय, फुगवटा आहे. सोनोग्राफीच्या एका रिपोर्टमध्ये ‘ॲक्सेसरी ब्रेस्ट टिश्यू’ लिहिलंय, दुसऱ्यात ‘ॲक्सिलरी टेल’. त्यातच डाव्या स्तनाखाली लहानपणापासून जो तीळ होता तो तीळ नसून जादा स्तनाग्र आहे, असं डॉक्टर म्हणाले. घरात कुणी म्हणतं कॅन्सरची सुरुवात, कुणी म्हणतं लगेच काढून टाक. आणि ताईंनी शेवटी विचारलंय: हे जन्मजात असेल, तर 31 वर्षं होतं कुठे?

स्तनांच्या आजारांवर शस्त्रक्रिया करणं हे माझं रोजचं काम आहे, आणि काखेतल्या फुगवट्याने घाबरलेल्या बाळंतिणी माझ्याकडे नेहमी येतात. त्यांच्या सगळ्या प्रश्नांत मला हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. त्याचं उत्तर कळलं की कॅन्सरचं काय, काढायचं की नाही, दोन रिपोर्टमध्ये दोन शब्द का, हे सगळं सोपं होतं. एक मात्र आधीच सांगते. मी तुम्हाला हात लावून तपासलेलं नाही. खाली जे लिहिते ते सोनोग्राफीत ‘स्तनासारखंच ऊतक’ (म्हणजे टिश्यू) दिसलंय हे धरून लिहिते. ते गृहीत चुकीचं ठरलं, तर पुढचा बराचसा विचार बदलेल.

आता मूळ गोष्टीकडे. गर्भधारणा झाल्यापासून चौथा आठवडा संपत येतो, तेव्हा भ्रूणाच्या छाती-पोटाच्या दोन्ही बाजूंना त्वचेचा एक पट्टा जरासा जाड होतो. (तुमच्या प्रसूतितज्ज्ञ पाळीच्या तारखेपासून आठवडे मोजतात, त्या हिशेबात हे दोन आठवडे पुढे धरा.) हा पट्टा काखेपासून खाली जांघेपर्यंत जातो. त्याला दुग्धरेषा म्हणतात. कुत्री, डुकरीण यांच्यात या रेषेवर ओळीने अनेक जोड्या तयार होतात. गाईत फक्त जांघेकडचा भाग टिकतो. माणसात आणि हत्तीत छातीवरची एकच जोडी राहते. माणसाच्या भ्रूणात ही रेषा फार दिवस टिकत नाही. सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत तिचा बहुतेक भाग विरून जातो आणि छातीवर दोन्ही बाजूंना एकेक जाडसर ठिपका उरतो. भ्रूणाची लांबी तेव्हा साधारण एक सेंटिमीटर असते.

हा ठिपका वाढताना बाहेर येत नाही, आत शिरतो. त्वचेच्या पेशींचा तो कोंब खालच्या मऊ थरात उतरतो. तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला त्याला फांद्या फुटू लागतात, आणि गर्भारपणाच्या उत्तरार्धात त्या भरीव फांद्या पोकळ होऊन नळ्या बनतात. जन्माच्या वेळी अशा साधारण 15 ते 20 दुग्धवाहिन्या तयार असतात आणि त्वचेवरच्या एका छोट्या खळग्यात उघडतात. जन्माच्या आसपास या खळग्याखालचा थर वाढतो, खळगा वर उचलला जातो आणि स्तनाग्र तयार होतं. ते उचलणं राहून गेलं, की स्तनाग्र आत ओढलेलं राहतं. ज्यांना जन्मापासून असं आहे त्यांनी घाबरायचं कारण नाही. चांगलं वर असलेलं स्तनाग्र मोठेपणी आत ओढलं गेलं, तर मात्र लगेच दाखवायचं.

या वाढीतली एक गोष्ट नीट लक्षात घ्या, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे. दूध बनवणाऱ्या पेशी आणि नळ्या त्वचेच्या थरापासून येतात. चरबी, रक्तवाहिन्या, आधार देणारे तंतू हे सगळं त्याखालच्या थरापासून. म्हणजे स्तन हा मुळात त्वचेचाच अवयव आहे, घामाच्या ग्रंथींच्या घराण्यातला. म्हणूनच तो सगळा बरगड्यांच्या आणि छातीच्या स्नायूच्या वर, त्वचेखालच्या चरबीत असतो. आणि म्हणूनच त्याचा चुकार तुकडासुद्धा त्वचेच्या लगतच सापडतो.

दुग्धरेषा विरताना कुठे एखादा भाग मागे राहिला, तर तिथेही हीच प्रक्रिया कमी-अधिक प्रमाणात घडते. किती घडते, यावर पुढे काय दिसेल ते ठरतं. फिनलंडचे शरीररचनाशास्त्रज्ञ यर्यो कायावा यांनी 1915 मध्ये यावरून आठ प्रकार केले, आणि आम्ही आजही तेच वापरतो. पहिल्या प्रकारात सगळंच असतं: ग्रंथी, स्तनाग्र, भोवतीचं काळसर वलय. दुसऱ्यात ग्रंथी आणि स्तनाग्र असतं, वलय नसतं. तिसऱ्यात ग्रंथी आणि वलय असतं, स्तनाग्र नसतं. चौथ्यात नुसतीच ग्रंथी, वर साधी त्वचा. पाचव्यात स्तनाग्र आणि वलय दिसतं, पण खाली ग्रंथीऐवजी चरबी. सहाव्यात फक्त स्तनाग्र, सातव्यात फक्त वलय, आणि आठव्यात तर केसांचा एक झुपका, बस.

तुम्ही लिहिलंय त्यावरून काखेतला तुमचा फुगवटा चौथ्या प्रकारचा असावा आणि स्तनाखालचा ‘तीळ’ सहाव्या. दोन्ही एकाच रेषेवर आहेत. एकाच व्यक्तीत दोन प्रकार आढळणं विचित्र नाही. काखेत नुसती ग्रंथी आणि छातीच्या खालच्या भागात नुसतं स्तनाग्र, या त्यांच्या नेहमीच्याच जागा आहेत.

‘तिळा’ची खात्री कशी करायची, ते सांगते. मी टॉर्च आणि भिंग घेऊन बघते. तीळ असेल तर रंग सगळीकडे पसरलेला असतो. जादा स्तनाग्र असेल तर मध्ये बारीक उंचवटा, त्याच्या टोकाला सुईच्या टोकाएवढा खळगा, भोवती फिकट तपकिरी कडं, आणि कडेला कधी दोन-तीन केस. बोटाने हलकेच चोळलं तर पुष्कळदा ते आकसतं, कारण खाली स्तनाग्रात असतात तसेच स्नायूंचे धागे असतात. गर्भारपणात ते गडदही होतं. त्याला काही करावं लागत नाही. ‘जादा स्तनाग्र असेल तर मूत्रपिंडात दोष असतो’ असं तुमच्या वाचनात येईल. त्यावरचे अभ्यास दोन्ही बाजूंनी बोलतात. दुसरं काही लक्षण नसताना मी त्यासाठी वेगळ्या तपासण्या सांगत नाही.

आता ‘31 वर्षं कुठे होतं’ याचं उरलेलं उत्तर. जन्माच्या वेळी मुलाचा आणि मुलीचा स्तन सारखाच असतो: थोड्या नळ्या, खरी दुधाची ग्रंथी जवळजवळ नाहीच. वयात येताना इस्ट्रोजेनमुळे मुलींमध्ये नळ्या लांब होतात, त्यांना फांद्या फुटतात आणि भोवती चरबी साठते. नळ्यांच्या टोकांना खंडिका, म्हणजे दूध बनवणाऱ्या पेशींचे छोटे घोस, बनू लागतात. पण स्तनाची वाढ तिथे पूर्ण होत नाही. ती पूर्ण होते गर्भारपणात. प्रोजेस्टेरॉन, प्रोलॅक्टिन आणि वारेचे हार्मोन मिळून खंडिकांचे घडच्या घड उभे करतात, आणि आधी चरबीने व्यापलेली जागा ग्रंथी घेते. शरीरात सगळ्यात उशिरा पूर्ण होणाऱ्या अवयवांपैकी हा एक.

तुमच्या काखेतल्या तुकड्यालाही हे सगळं लागू होतं. तो सहाव्या आठवड्यापासून तिथेच आहे. वयात येताना तो थोडा भरला असेल, पण काखेतल्या चरबीत तो वेगळा कळला नाही. पाळीच्या आधी काखेत जडपणा किंवा हुळहुळेपणा वाटायचा का, हे मी अशा प्रत्येक बाईला विचारते. बऱ्याच जणी क्षणभर थांबतात आणि म्हणतात, हो, पण मला वाटायचं ब्लाउज काचतोय. गर्भारपणात तो तुकडा वाढला, वार बाहेर पडल्यावरच्या हार्मोनबदलाने तिसऱ्या दिवशी छातीवरच्या स्तनांत दूध भरलं, तसंच त्याच्यातही भरलं. फरक एवढाच की छातीवरच्या दुधाला बाहेर यायला वाट आहे आणि बाळ ते ओढतं. इथे वाट नाही. म्हणून ते दाटलं, त्वचा ताणली आणि ठणका लागला. म्हणजे ही नव्याने उगवलेली गाठ नाही. जुनंच ऊतक पहिल्यांदा कामाला लागलं आहे.

हेच कारण उपायही सांगतं. दूध निघत नाही असं दिसलं की खंडिका ते बनवणं आपोआप थांबवतात. त्यामुळे काखेतला भाग मोकळा करायचा नाही, तो शांत होऊ द्यायचा. कापडात गुंडाळलेली थंड पट्टी दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. दुखलं तर पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, तुमच्या डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर. काखेत रुतणारी ब्रा नको. आणि कृपा करून कुणालाही ते जोरात चोळू, दाबू, शेकू देऊ नका. मदतीच्या भावनेने केलेल्या या चोळण्यानेच सूज वाढते आणि जंतुसंसर्गाला जागा मिळते. बाळाला दोन्ही बाजूंनी नेहमीसारखं पाजत राहा, त्या दुधाला काहीही झालेलं नाही. काहींच्या काखेत त्वचेवर बारीक छिद्र असतं आणि तिथून दुधाचा थेंब येतो. तसं झालं तरी फक्त कोरडं ठेवायचं. पहिला ठणका बहुधा एक-दोन आठवड्यांत उतरतो, तुमचा उतरलाच आहे. फुगवटा पाजणं चालू असेपर्यंत थोडा राहू शकतो, आणि पुढच्या बाळंतपणात पुन्हा येऊ शकतो.

दोन रिपोर्ट, दोन शब्द. मोठ्या माणसाचा स्तन उभ्या दिशेत दुसऱ्या बरगडीपासून सहाव्यापर्यंत आणि आडव्या दिशेत छातीच्या मधल्या हाडाच्या कडेपासून काखेच्या मध्यरेषेपर्यंत पसरलेला असतो. आम्ही त्याचे चार चतुर्थांश करतो. त्यांतल्या वरच्या-बाहेरच्या भागात ग्रंथी सगळ्यात जास्त असते, आणि त्याच भागातून एक निमुळता पदर काखेत शिरतो. एकोणिसाव्या शतकातले स्कॉटिश सर्जन जेम्स स्पेन्स यांच्या नावाने तो ओळखला जातो. ‘ॲक्सिलरी टेल’ म्हणजे तोच. हा पदर सगळ्यांना असतो, कुणाला ठळक, कुणाला नाममात्र, आणि तो स्तनाशी सलग असतो. ‘ॲक्सेसरी’ म्हणजे स्तनापासून सुटा तुकडा, बहुधा त्वचेच्या अगदी लगत.

तपासताना मी बाईला बसवते, तिचा हात माझ्या हातावर सैल सोडायला सांगते. हात ताठ ठेवला तर स्नायू आवळला जातो आणि काही कळत नाही. मग फुगवटा अंगठा आणि बोटांत धरते. जादा स्तन-ऊतक मऊसर, दाणेदार लागतं, त्याची कड नेमकी सापडत नाही, आणि ते त्वचेबरोबर हलतं. लसिका ग्रंथी (लिम्फ नोड) असेल तर ती खोल, गोल, बोटाखालून सटकते. चरबीची गाठ गुळगुळीत आणि ठळक कडेची. नंतर त्या फुगवट्यावरून बोटं छातीच्या स्नायूच्या कडेने स्तनाकडे सरकवत नेते. मध्ये कुठेही खंड पडला नाही तर तो पदर, खंड पडला तर सुटा तुकडा. बाळंतिणीत दोन्ही फुगलेले असतात, त्यामुळे मधला खंड बुजतो, आणि दोन डॉक्टर दोन वेगळे शब्द लिहितात. यात कुणी निष्काळजी नाही. पाजणं थांबल्यावर पुन्हा बघितलं की बहुधा उलगडा होतो, आणि आज दोन्ही शब्दांचा उपचार एकच आहे.

कॅन्सरबद्दल स्पष्ट बोलते. सुटा तुकडा हा खराखुरा स्तन आहे, त्यामुळे स्तनात जे काही होऊ शकतं ते त्याच्यातही होऊ शकतं: साध्या फायब्रोअ‍ॅडेनोमाच्या गाठी, पाण्याची गाठ, सूज, आणि कॅन्सरही. पण अशा जादा ऊतकात सुरू होणारा कॅन्सर फार दुर्मिळ आहे, एकूण स्तनकर्करोगांच्या एक टक्क्यापेक्षाही कमी. ‘पुढे कॅन्सर होईल’ या भीतीने ते काढून टाकावं, असं मी सांगत नाही. मला काळजी वेगळी वाटते. तिथे गाठ आली तर ती स्तनाची असेल हे कुणाच्या डोक्यातच येत नाही, लसिका ग्रंथी किंवा काखेतला फोड समजून महिने निघून जातात. म्हणून छाती तपासताना काखही तपासायची, आणि वयानुसार मॅमोग्राफी सुरू होईल तेव्हा तंत्रज्ञाला आणि डॉक्टरांना ‘मला काखेत जादा ऊतक आहे’ हे आठवणीने सांगायचं.

बाळंतपणानंतर दोन्ही काखांत एकदम आलेला, पान्ह्याबरोबर फुगलेला, सोनोग्राफीत स्तनासारखा दिसणारा मऊ फुगवटा, एवढ्या खुणा जुळल्या की मी सुई घालत नाही. पुढीलपैकी काही असेल तर मात्र थांबू नका: फुगवट्याच्या आत वेगळी, कडक, न बदलणारी गाठ, वरची त्वचा आत ओढली जाणं, एकाच बाजूला सतत वाढ, रक्ताळ स्राव, किंवा ताप येऊन तिथली त्वचा लाल आणि गरम होणं. तापाचं दुखणं त्याच दिवशी दाखवायचं, तिथे गळू होत असू शकतं. पाजणं चालू आहे म्हणून सुईची तपासणी पुढे ढकलायची नसते. गरज असेल तर ती पाजतानाही सुरक्षितपणे करता येते.

काढायचं का, याचं उत्तर परिस्थितीवर आहे. आत्ता तर नाहीच. दूध भरलेल्या ऊतकावर शस्त्रक्रिया केली की रक्तस्राव जास्त होतो, जखमेतून दूध झिरपत राहतं, आणि नेमकं किती काढायचं तेही कळत नाही. पाजणं पूर्ण थांबल्यावर किमान सहा महिने मी वाट बघते, कारण तेवढ्यात पुष्कळ जणींचा फुगवटा इतका उतरतो की त्यांचाच विचार बदलतो. दर महिन्याला दुखणं, हात हलवताना अडचण, घामाने त्वचा सोलवटणं, किंवा फुगवटा मनाला सतत टोचणं, यांतलं कुठलंही कारण मला पुरेसं वाटतं. दिसण्यासाठी काढायचं म्हणणाऱ्या बाईला कमी लेखायचं कारण नाही. फक्त तिने किंमत समजून घ्यावी: काखेत व्रण, काही दिवस खांद्याचा आखडलेपणा, जखमेत पाणी साठणं, आणि दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा, कारण तिथली संवेदना देणारी नस याच चरबीतून जाते. थोडं ऊतक मागे राहिलं तर पुढच्या गर्भारपणात ते पुन्हा फुगतं. चरबीच जास्त असेल तर लायपोसक्शनने भागतं, पण ग्रंथीचा दाट भाग त्याने पुरता निघत नाही. लवकरच दुसरं बाळ हवं असेल, तर त्याआधी करायचं की नंतर, हे त्रास किती आहे त्यावर ठरवू. आणि काढलेलं ऊतक प्रत्येक वेळी पॅथॉलॉजी तपासणीला पाठवायचं, दिसायला कितीही साधं असलं तरी.

राहिली तुमची लेक. बहुतेक वेळा हे घरात एकालाच असतं, काही कुटुंबांत मात्र पिढ्यांत दिसतं. त्यासाठी तिची आज कुठलीही तपासणी लागत नाही. पण तिच्याबद्दल दुसरी एक गोष्ट सांगायला हवी. तिच्या इवल्याशा स्तनांखाली आत्ता कदाचित टणक चकती लागत असेल, एखादा दुधाळ थेंबही येत असेल. तुमच्या हार्मोनांचा तो परिणाम आहे, मुलग्यांतही होतो, आणि काही आठवड्यांत, कधी थोड्या महिन्यांत, आपोआप जातो. ‘दूध काढून टाकावं लागतं’ म्हणून तिचे स्तन दाबायला कुणी सुचवेल, त्यांना ठाम नाही म्हणा. दाबल्याने तिथे गळू होतं, आणि त्याने मूळ कोंबालाच इजा होऊ शकते. पुढे साधारण आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान तिला कदाचित आधी एकाच बाजूला, स्तनाग्राखाली दुखरी चकती येईल आणि दुसरी बाजू कित्येक महिने सपाट राहील. तीही गाठ नसते, स्तनाची सुरुवात असते. त्या वेळी घाईने त्या चकतीचा तुकडा काढून तपासायला कुणी सांगितलं, तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. त्या वयात तो कोंब काढला गेला, तर त्या बाजूचा स्तन नंतर वाढत नाही.